भारी पानं दबकत खेळू नका

पोकरमध्ये एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हातात येते. समोरासमोर बसून खेळायच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव वाटले जातात. म्हणजे मोठ्या टूर्नामेंटमध्ये दुपारी बसलेल्या माणसाला रात्री उठेपर्यंत एक्के एकदा दिसले तर दिसले. राजांचं आणि राण्यांचं गणितही तेच. आणि इतकी वाट बघून आलेल्या पानांवर लोक काय करतात, तर नुसता कॉल. मग फ्लॉपवर चेक. मग टर्नवर 'बघू काय येतंय'. शेवटी एक तर चिमूटभर पॉट पदरात पडतो, नाहीतर फुकटात बघायला मिळालेल्या पानावर कुणाची तरी सत्ती-छक्की जिंकून जाते. हे बघून मला फार हळहळ वाटते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पोकरचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरते, शब्दांची उजळणी तेवढी करते: फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं, टर्न चौथं, रिव्हर पाचवं; चेक म्हणजे काही न लावता थांबणं, बेट म्हणजे चिप्स लावणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढं भरणं, रेज म्हणजे त्याहून वाढवणं, ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स लावणं; पॉट म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, आणि ब्लाइंड व अँटी म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स.

मी गणिताची शिक्षिका, आता निवृत्त. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी टेबल लागतं. इंजिनिअरिंगची पोरं येतात, मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते येतात, मिरजेच्या एक डॉक्टरीणबाई येतात, माझी भाची येते. चिप्स प्लास्टिकच्या, पैसा एकही नाही, मधे भडंग आणि चहा. याबाबत मी कडक आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. ज्यांना खरी टूर्नामेंट खेळायची असते ते एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर, स्वतःच्या कमाईतले, गेले तरी घर अडणार नाही एवढेच पैसे बाजूला काढून मिरजेहून गोवा एक्स्प्रेस पकडतात.

आमच्या गावाचा एक गुण मात्र या खेळात आडवा येतो. सांगली हे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. बुद्धिबळात एक प्यादं वर असलं की घाई करायची नाही, समोरच्याची प्रत्येक धमकी आधी मोडायची, मग सावकाश डाव जिंकायचा, अशी शिकवण असते आणि तिथे ती बरोबरच आहे. पटावर तुम्ही थांबलात म्हणून समोरच्याला नवा वजीर मिळत नाही. पोकरमध्ये तुम्ही दोघांनी चेक केलं की डीलर पुढचं पान उलटतो, आणि ते पान जितकं तुमचं तितकंच त्याचं. पुढे असलेल्याने थांबायचं म्हणजे मागे पडलेल्याला एक संधी फुकट द्यायची. बुद्धिबळातून आलेल्या मुलांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ती मुळात शहाणी असतात.

भीती कुठे ठेवायची

टूर्नामेंटमध्ये चिप्स संपल्या की खुर्ची सोडावी लागते. रोजच्या खेळात नसलेली ही भीती इथे मानेवर बसते. प्रवेश फी मोठी, प्रवास लांबचा, घरी सांगून आलेलो. मग हातात राण्या आल्या की पहिला विचार येतो, 'यांच्यावर बाहेर पडलो तर?'

बक्षिसांची वाटणी बघितली की या विचारातली चूक दिसते. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट घ्या. प्रवेश फी १०,००० डॉलर. २०२३ मध्ये तिथे १०,०४३ जण बसले. सगळ्यात खालचं बक्षीस १५,००० डॉलरचं आणि पहिलं १ कोटी २१ लाख डॉलरचं, म्हणजे आठशे पटींनी मोठं. जवळपास सगळ्या मोठ्या टूर्नामेंटची रचना अशीच वर निमुळती असते. जीव मुठीत धरून शेवटच्या बक्षिसापर्यंत पोचणाऱ्याला फीच्या दीडपट मिळतं. वरचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांनी वाटेत कधीतरी चिप्सचा ढीग जमवला. आणि ढीग जमवायची सगळ्यात सुरक्षित वेळ म्हणजे तुमची पानं पुढे असतानाची. शिवाय ब्लाइंड वाढत राहतात. आज ज्या चिप्स साठ बिग ब्लाइंड आहेत त्या तशाच ठेवल्या तर काही तासांत पंधरा होतात.

सावधपणा टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. तो डावात शिरण्याआधी वापरा. एक्का-नव्वी घेऊन पहिल्या जागेवरून शिरायचं की नाही, गुलाम-दश्शीवर मोठ्या रेजला कॉल करायचा की नाही, तिथे हवी तेवढी कंजुषी करा. एकदा पुढे असल्याची खात्री झाली की कंजुषी महाग पडते.

फ्लॉपच्या आधी

हे थोडक्यात. रेज करा, तोही नेहमी करता तेवढाच: दोन ते अडीच बिग ब्लाइंड. भारी पानांवर वेगळा आकडा ठेवलात तर टेबलाला तो दोन तासांत कळतो. तुमच्या आधी कुणी रेज केला असेल तर त्याच्या तिप्पट करा. नुसता कॉल करून 'लपून' बसलात तर मागचे तीन-चार जण स्वस्तात आत येतात, आणि गर्दीत भारी जोडीचं वजन उतरतं. कुठल्याही पानांच्या एका माणसासमोर एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात, तिघांसमोर ६४ टक्के, पाच जणांसमोर ४९ टक्के. राण्या एकासमोर ८० टक्के, तिघांसमोर निम्म्याहून जेमतेम जास्त.

एक डाव, नीट उलगडून

समजा ब्लाइंड ५०० आणि १,०००, वर १,००० ची अँटी. तुमच्याकडे ६०,००० आहेत, समोरच्यांकडेही तेवढेच. तुम्हाला इस्पिक राणी आणि चौकट राणी आली. तुम्ही २,५०० ला रेज केला, फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट झाला ६,५००. फ्लॉप आला: बदाम नव्वी, बदाम छक्की, किलवर चव्वी. तो चेक करतो.

आमच्या टेबलावर हा फ्लॉप मी मुद्दाम मांडून ठेवते आणि प्रत्येकाला विचारते, काय कराल? नवा माणूस हमखास म्हणतो, "चेक. बेट लावली तर तो पळून जाईल. आणि पळाला नाही तर त्याच्याकडे तीन नव्व्या असतील." या एका वाक्यात दोन भीती आहेत आणि दोन्ही कागदावर मोजता येतात.

आधी मोजा, तुमच्यापेक्षा भारी काय असू शकतं. तीन नव्व्या, तीन छक्क्या, तीन चव्व्या. फ्लॉपवर त्यातलं प्रत्येकी एक पान पडलेलं आहे, म्हणून उरलेल्या तिनांतून जोडी जुळायच्या प्रत्येकी ३ पद्धती, एकूण ९. एक्के किंवा राजे असते तर त्याने फ्लॉपआधीच परत रेज केला असता. आता तुमच्यापेक्षा हलकं, पण सहजी न टाकण्यासारखं मोजा. दश्श्या ६ पद्धतींनी, अठ्ठ्या ६, सत्त्या ६, आणि एक्का-नव्वी १२ पद्धतींनी. झाल्या ३०. शिवाय हातात दोन बदाम असलेले, अठ्ठी-सत्ती घेऊन दोन्ही टोकांनी सीक्वेन्सची वाट बघणारे, सत्ती-पंजीवाले. हे सगळे कॉल करणारे लोक आहेत. तो पळून जाईल ही भीती खोटी, आणि त्याच्याकडे तीन नव्व्याच असतील ही भीती फुगवलेली. डॉक्टरीणबाई हे मोजणं पहिल्यांदा करून म्हणाल्या होत्या, "म्हणजे मी पेशंटला दुर्मिळ आजाराचंच औषध देत होते." तेव्हापासून त्या बेट लावायला कचरत नाहीत.

आता किती लावायची ते बघू. बदामाची दोन पानं असलेल्याला पुढच्या एका पानावर फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) व्हायची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे साधारण १९ टक्के. तुम्ही घाबरत १,५०० लावले तर त्याला १,५०० भरून एकूण ९,५०० च्या पॉटमध्ये वाटा मिळतो. त्याला फक्त १६ टक्के शक्यता पुरते, आहे १९. तुम्ही त्याला फायद्याचा सौदा हातात दिलात. ४,००० लावले तर ४,००० भरून पॉट १४,५०० चा होतो, त्याला साडेसत्तावीस टक्के लागतात. आता तो कॉल करतो तेव्हा चूक त्याची, कमाई तुमची. फ्लश लागल्यावर तो पुढे तुमच्याकडून आणखी काही काढू शकतो, म्हणून बेट अगदी सीमेवर ठेवू नका. पॉटच्या साठ-सत्तर टक्के हा अशा ओल्या, जुळत्या फ्लॉपवर चांगला आकडा. फ्लॉप कोरडा असेल, समजा नव्वी, तिर्री आणि दुर्री तिन्ही वेगळ्या रंगांची, तर तिसरा हिस्साही पुरतो, कारण तिथे पळवून लावायला फारसं कुणी नसतं.

यापुढचा भाग मी फळ्यावर लिहून ठेवला आहे आणि पुसू देत नाही. फ्लॉपवर ४,००० लावले, कॉल आला, पॉट १४,५००. टर्नवर ९,००० लावले, कॉल आला, पॉट ३२,५००. रिव्हरवर २०,००० लावले, कॉल आला, पॉट ७२,५००. त्याने फ्लॉपनंतर ३३,००० भरले. आता फ्लॉपवर चेक करून बघा. टर्नवर ४,०००, रिव्हरवर ९,०००, पॉट ३२,५००. त्याने भरले १३,०००. लोकांना वाटतं फ्लॉपवर चेक केलं तर ४,००० सुटले. सुटतात २०,०००. पॉट प्रत्येक फेरीला दुपटीहून जास्त वाढतो, त्यामुळे पहिली फेरी गाळली की जी गळते ती शेवटची, सगळ्यात मोठी बेट. वीस बिग ब्लाइंड एका चेकमध्ये गेले, आणि कुणी हिसकावून घेतले नाहीत म्हणून ते गेलेले जाणवतही नाहीत.

तिन्ही फेऱ्यांना डोळे मिटून लावत सुटायचं नाही, हेही इथेच सांगते. टर्नवर तिसरं बदाम आलं तर चेक करायला हरकत नाही. त्याने मध्यम बेट लावली तर कॉल करा. एक्का किंवा राजा आला तरी थोडा धीर धरा. (हातात राण्या असताना फ्लॉपवरच एक्का किंवा राजा पडायची शक्यता ४१ टक्के असते, त्यामुळे त्याची सवय करून घ्यावीच लागते.) टर्न साधा असला, समजा चौकट तिर्री, तर पुन्हा लावा. तिर्रीने फक्त सत्ती-पंजीवाल्याला मदत केली. एवढ्या कोपऱ्यातल्या शक्यतेसाठी ३० पद्धतींकडून पैसे न घेणं परवडत नाही.

रिव्हरला एक प्रश्न स्वतःला विचारायचा: यापेक्षा हलकी कुठली पानं कॉल करतील? तीन-चार नावं पटकन सुचली तर लावा. सुचलीच नाहीत तर चेक करून पानं दाखवा. आमचे अडते इथे फार छान विचार करतात. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक दुकानात शेवटपर्यंत थांबलं आहे म्हणजे त्याला काहीतरी घ्यायचं आहे, भाव तेवढा सांगा.

चिप्स कमी उरल्यावर

पंचवीस बिग ब्लाइंड उरले असतील तर विचार आणखी सोपा होतो. उरलेल्या चिप्सना पॉटने भागा. उत्तर चारच्या आत असेल आणि तुमची जोडी टेबलावरच्या सगळ्या पानांच्या वर असेल, तर सगळ्या चिप्स आत जाणार हे फ्लॉपवरच ठरवून टाका. वरच्याच डावात तुमच्याकडे २५,००० असते आणि २,२०० ला रेज केला असता, तर पॉट ५,९०० आणि हातात २२,८००. भागाकार चारच्या खाली. त्याने रेज केला, ऑल-इन केला, तरी कॉल. हे आधी ठरवलेलं असलं की ऐन वेळी छातीत धडधडलं तरी हात बरोबर चालतो. साठ बिग ब्लाइंडवर रेज आला तर मात्र लगेच सगळं ढकलू नका आणि लगेच टाकूही नका; कॉल करून टर्न बघा.

मग सापळा कधीच लावायचा नाही का?

लावायचा, पण अटी आहेत. १९८८ च्या मेन इव्हेंटचा शेवटचा डाव पोकर खेळणाऱ्या बहुतेकांना माहीत असतो. जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी, फ्लॉप राणी, दश्शी आणि अठ्ठी. म्हणजे त्या फ्लॉपवर होऊ शकणारा सगळ्यात मोठा सीक्वेन्स. एरिक सीडेलच्या हातात एक राणी, म्हणजे फ्लॉपच्या राणीशी जुळून जोडी. टर्नवर चेक, रिव्हरवर चॅनने पुन्हा चेक केलं, सीडेलने ऑल-इन केलं आणि चॅन सलग दुसऱ्यांदा विजेता झाला. या डावाने माझ्या मते हजारो खेळाडूंना चुकीची सवय लावली. तिथे समोर एकच माणूस होता, चॅनच्या पानांना मागे टाकणारी पानं फार थोडी होती, आणि समोरचा स्वतःहून बेट लावेल असं समजायला जागा होती. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर थांबा. राण्यांच्या जोडीला यातली पहिली अट कधीकधी लागू होते, दुसरी जवळजवळ कधीच नाही. जोडीला मागे टाकणारी पानं नेहमी भरपूर असतात.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

शंभर जणांना बक्षीस आहे आणि एकशे एक उरले आहेत, अशा वेळी दबकणं काही ठिकाणी खरोखर बरोबर असतं. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून तुमच्या वाट्याच्या बक्षिसाची किंमत दुप्पट होत नाही, आणि चिप्स गेल्या तर सगळंच जातं. म्हणून तुमच्यापेक्षा मोठा ढीग असलेल्याने ऑल-इन केलं असताना अठ्ठ्यांवर किंवा एक्का-राणीवर कॉल करू नका. सॅटेलाइट टूर्नामेंटमध्ये, जिथे पहिल्या दहांना मोठ्या टूर्नामेंटचं सारखंच तिकीट मिळतं, तिथे तुमचा ढीग पुरेसा असेल आणि अकराच उरले असतील तर एक्केसुद्धा टाकणं बरोबर ठरू शकतं. अकराव्या क्रमांकाला रडू आणि पहिल्याला जास्तीचं काहीच नाही, तर भांडण कशाला?

पण नीट बघा, ही सगळी उदाहरणं कॉल करण्याची आहेत. रेज करणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात, समोरचा पानं टाकतो किंवा शेवटी आपली पानं मोठी निघतात. कॉल करणाऱ्याला एकच. २००३ चा मेन इव्हेंट आठवा. ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघे उरले, ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फार्हा. एका डावात फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती, टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती, फ्लश हुकलेला, सीक्वेन्स हुकलेला, हातात काहीही नाही. रिव्हरवर त्याने ऑल-इन केलं आणि बराच विचार करून फार्हाने पानं टाकली. फार्हाला भित्रा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एका जोडीवर अख्खी टूर्नामेंट पणाला लावायचा प्रश्न त्याच्यापुढे आला आणि असा प्रश्न कुणालाही जड जातो. म्हणूनच पुढे असताना प्रश्न आपण विचारावा, समोरच्याला उत्तर शोधू द्यावं. उंबरठ्यावर मध्यम ढीगवाले सगळे घाबरलेले असतात. तुमच्या राण्यांच्या रेजला तेव्हा नेहमीपेक्षा जास्त मान मिळतो.

घरी करायचा सराव

पत्त्यांचा एक जोड घ्या. त्यातून दोन राण्या काढून उताण्या ठेवा. बाकीच्या पानांतून तिघांना दोन-दोन वाटा आणि कुणीही काही न लावता पाचही पानं उघडा. राण्या जिंकल्या की हरल्या ते वहीत लिहा. पन्नास वेळा करा, तासाभरात होतं. मग एकालाच पानं वाटून पन्नास वेळा करा. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की फ्लॉपआधी रेज का करायचा हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा सराव दोघांनी करायचा. एक जण राण्या घेऊन बसतो, फ्लॉप वर दिलेलाच ठेवायचा, आणि दुसऱ्याने त्या ३० आणि ९ पद्धतींच्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची. बदामाच्या जोड्यांच्या दहा-बारा चिठ्ठ्याही टाका. राण्यावाल्याने प्रत्येक फेरीला बेट लावताना मोठ्याने सांगायचं की कुठल्या हलक्या पानांकडून कॉल हवा आहे. नाव सांगता आलं नाही तर बेट लावायची नाही. माझी भाची सुरुवातीला प्रत्येक वेळी 'तीन नव्व्या' म्हणायची. चिठ्ठ्या उघडून बघता बघता तिचं तिलाच 'एक्का-नव्वी, दश्श्या, दोन बदाम' असं म्हणता येऊ लागलं.

हे जमलं की राण्यांच्या जागी राजे घ्या आणि फ्लॉपवर मुद्दाम एक एक्का ठेवा. राजांवर फ्लॉपला एक्का पडणं सुमारे २३ टक्के वेळा होतं. समोर एकच जण असेल तर पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची एक बेट लावा. कॉल आला तर टर्नवर चेक करा, आणि रिव्हरपर्यंत एका मध्यम बेटला कॉल करायची तयारी ठेवा. फ्लॉपवरच रेज आला, आणि तोही दिवसभर कुणाला न छेडलेल्या माणसाकडून, तर राजे टाकून द्या आणि पुढच्या डावाची पानं उचला.